चाकांवरचा संडास

आमच्या नात्यात सध्या मोटरहोमची साथ आली आहे. न्यू जर्सीचा पुतण्या, ठाण्याची भाची, तिच्या सासरकडचे बडोद्याचे लोक, सगळे एकमेकांना त्या गाड्यांचे फोटो पाठवत असतात. आत दोन पलंग, गॅसची शेगडी, एवढासा फ्रीज, आणि कोपऱ्यात मुद्दाम दार उघडं ठेवून दाखवलेला पांढराशुभ्र संडास. खाली ओळ ठरलेली : "काकू, तुमच्या वयाला आता हेच बरं. कुठे शोधत बसायला नको!"

हे जे "शोधत बसायला नको" आहे ना, त्याच्याशी माझं भांडण आहे.

मंडळी, विषय संडासाचा आहे हे आधीच सांगते. जेवता जेवता वाचत असाल तर जेवण उरकून या. मी दादरला मराठी माध्यमाच्या शाळेत तेहतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. करंगळी वर करून "बाई, जाऊ?" विचारणाऱ्या पोरांमध्ये आयुष्य गेल्यावर या विषयाची लाज उरत नाही. उलट मला तर वाटतं, सगळ्यांना लाज वाटते म्हणूनच हा प्रश्न इतकी वर्षं तसाच पडून आहे. ज्यांची अडचण होते त्या बायका बोलत नाहीत, आणि ज्यांच्या हातात कारभार आहे त्या पुरुषांचं भिंतीवर भागतं.

गिरगावात आमच्या लहानपणी सहल म्हणजे राणीची बाग. मुंबईतली ट्राम १९६४ साली बंद झाली, त्याच्या आधीच्या या गोष्टी. वडील आम्हा चार भावंडांना ट्रामने भायखळ्याला न्यायचे, आई पोळ्या-बटाट्याच्या भाजीचा डबा घेऊन बरोबर. वाघ, हत्ती, पाणघोडा, मग झाडाखाली जेवण, मग म्युझियमसमोरचा तो घारापुरीचा दगडी हत्ती. आई सकाळी निघताना चहा घेत नसे. दिवसभरात घोटभर पाणी, तेसुद्धा परत यायच्या सुमाराला. आम्हा मुलांना वाटायचं, आईला तहानच लागत नाही. पुढे मी नोकरीला लागले आणि आईला तहान का लागत नव्हती ते मला पहिल्या आठवड्यातच समजलं. प्रवासात पाणी न पिणं ही आपल्याकडच्या बायकांची पिढीजात विद्या आहे. आई लेकीला ती न शिकवता शिकवते. डॉक्टर नंतर मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाच्या गोळ्या देतात आणि वर विचारतात, "पाणी कमी पिता का हो?"

तर भाचीने आम्हाला पाठवलंच. ह्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, माझं त्र्याहत्तर, लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून भाचरांची भेट. जानेवारी २०२५, आठ दिवस, परळ ते म्हैसूर आणि परत. गाडी भाड्याची, बरोबर ड्रायव्हर आणि एक मदतनीस मुलगा. तेव्हा मी जे लिहिते आहे ते न बघता लिहीत नाही.

चांगलं होतं ते आधी सांगते, नाहीतर भाची रुसेल. झोपायला जागा ऐसपैस. सकाळी दार उघडून बाहेर खुर्ची टाकून स्वतःच्या हातचा चहा प्यायचा, हे सुख मोठंच. ह्यांचं बालपण नायगावच्या बी.डी.डी. चाळीत गेलं. १९२० च्या दशकात बांधलेल्या त्या चाळी, एकशे साठ चौरस फुटांची एक खोली, तीत सात माणसं आणि गावाहून आलेला एखादा कायमचा पाहुणा. गाडीत शिरल्या शिरल्या हे म्हणाले, "अगं, हे तर आमचं नायगाव! फक्त माणसं कमी आहेत." जगभर लोक हौसेने लहान घरात राहायला जातात आणि त्याला स्वातंत्र्य म्हणतात, याची ह्यांना फार गंमत वाटते. ह्यांच्या मते त्या गाडीत नवीन गोष्ट एकच. चाळीत संडास व्हरांड्याच्या टोकाला होता, इथे तो आत होता. ह्यांना प्रोस्टेटचा त्रास, दर तासाला उठावं लागतं, त्यामुळे ती एक गोष्ट म्हणजे सगळं काही होतं. पहिले दोन दिवस आम्ही दोघं मोकळेपणाने पाणी प्यायलो. माझ्या आयुष्यातला असा पहिला प्रवास.

आता त्या संडासाची रचना सांगते, कारण फोटोत ती दिसत नाही. बसायचं भांडं घरच्यासारखंच. त्याच्या खाली साधारण वीस लिटरची एक प्लॅस्टिकची पेटी असते, तीत वास मारणारं निळं रसायन घालतात. सगळं त्या पेटीत जमतं. गाडीच्या बाहेरच्या अंगाला एक छोटं दार असतं, ते उघडून पेटी सुटकेससारखी ओढून काढायची. तिला हँडल असतं, दोन चाकंसुद्धा असतात. दिवस-दोन दिवसांत ती भरते आणि दिवा लागतो. मग ती कुठेतरी रिकामी करायची.

या "कुठेतरी" शब्दापाशी जाहिरात संपते.

कोल्हापूरच्या पुढे रात्री एका पेट्रोल पंपाच्या आवारात थांबलो होतो. पहाटे मला बाहेर बोलणं ऐकू आलं. पंपावरचा माणूस सांगत होता, "आमच्या टाकीत नाही ओतायचं, तुमचं रसायन आहे त्यात." ड्रायव्हर म्हणाला, "अरे, रस्त्याच्या पलीकडे बघ काहीतरी." मी खिडकीचा पडदा सारला तर आमचा मदतनीस मुलगा, वय असेल वीस-बावीस, ती पेटी ओढत महामार्गाच्या कडेकडेने चालला होता. चाकं त्या खडीत चालेनात, म्हणून मग त्याने ती उचलून घेतली. पलीकडे ऊस होता आणि उसाच्या कडेने पाण्याचा चर. मी हाक मारली. तो वळून म्हणाला, "मावशी, तुम्ही आत बसा. बघू नका."

परत आल्यावर मी त्याला चहा दिला आणि नोकरीवर घेताना काय काम सांगितलं होतं ते विचारलं. चहापाणी, अंथरूण, गाडी पुसणं. पेटीचं कुणी बोललं नव्हतं. पहिल्या फेरीला ती भरली तेव्हा कळलं, म्हणाला. हातमोजे आहेत का? होते, फाटले. दर वेळी ओततोस कुठे? "ओढा असला तर ओढ्याला, नाहीतर अंधार पडल्यावर." आणि मग त्याने मलाच विचारलं, अगदी साधेपणाने, उत्तर मिळेल या आशेने : "मावशी, खरं कुठं ओतायचं असतं हे?"

मंडळी, सगळं भांडण या एका प्रश्नाचं आहे. ज्या कुणाच्या मालकीची गाडी होती त्याने तो मुलगा आणि ती पेटी रस्त्यावर सोडून दिली होती, आणि माझ्या नातेवाइकांच्या फोटोतला तो पांढराशुभ्र संडास त्या मुलाच्या जिवावर पांढराशुभ्र होता. मी त्या दिवसापासून संडासाचं दार दोरीने बांधून टाकलं आणि आत आमच्या बॅगा ठेवल्या. हे कुरकुरले, पण त्यांनाही खिडकीतून दिसलं होतं.

पुतण्या म्हणतो, "काकू, तुम्ही एका वाईट अनुभवावरून सगळ्याला नावं ठेवता. इकडे बघा ना." बघितलंय बाबा. आम्ही २०११ साली तुझ्याकडे आलो होतो आणि तू आम्हाला असल्याच गाडीतून तीन दिवस फिरवलं होतंस. पण तेव्हा मी जे पाहिलं ते तूच विसरलास. मुक्कामाच्या मैदानात प्रत्येक गाडीपाशी पाण्याचा नळ होता, विजेचा खांब होता आणि मैलाच्या गटाराला जोडलेलं एक तोंड होतं. निघताना तू स्वतः, एवढा मोठा इंजिनियर, हातमोजे घालून जाड पाइप जोडून टाकी रिकामी केलीस, नळाखाली हात धुतलेस आणि पोहे खायला बसलास. पाच-दहा मिनिटांचं काम. आणि वाटेत हायवेला ठरावीक अंतरावर विश्रांतीच्या जागा होत्या, ज्यांत कुणीही, ट्रकवालासुद्धा, फुकट जाऊन येऊ शकत होता. म्हणजे तुझी ती खाजगी गाडी आधीपासून असलेल्या सार्वजनिक सोयीवर उभी होती. आपल्याकडे गाडी आली, सोय आली नाही. तिच्या जागी एक मुलगा आला.

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. कॅरॅव्हॅन आणि त्या उभ्या करायला कॅरॅव्हॅन पार्क, असं दोन्ही त्यात आहे. कागदावर माझी तक्रार नाही. आठ दिवसांच्या आमच्या वाटेवर मला असा एकही पार्क भेटला नाही, पेट्या मात्र भेटल्या. आमच्यासारखीच आणखी एक गाडी बेळगावच्या पुढे भेटली, तिच्याबरोबरही असाच एक मुलगा होता. दोघं एकमेकांना जागा विचारत होते.

इतिहास शिकवलेल्या बाईला इथे जुनं आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबईच्या जुन्या चाळींच्या मागे घरगल्ली नावाची अरुंद बोळ असते. नव्या पिढीला ती कचरा टाकायची जागा वाटते. ती बांधली होती टोपलीच्या संडासांसाठी. वरून लोक बसायचे, खाली टोपली, आणि मागच्या गल्लीतून माणूस येऊन ती टोपली घेऊन जायचा. म्हणजे घरातल्या कुणाला त्याचं तोंड दिसायला नको. महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात या कामासाठी चक्क "हलालखोर कर" होता. अप्पासाहेब पटवर्धनांसारखा चांगला शिकलेला ब्राह्मण माणूस कोकणात हातात झाडू घेऊन हे काम स्वतः करायला लागला, कणकवलीच्या गोपुरीत बसून कुणाला डोक्यावरून वाहावं लागणार नाही असा संडास तयार केला, तेव्हा त्यांच्यावर हसणारेच जास्त होते. देशात टोपलीचे संडास बंद करायचा कायदा १९९३ चा, दुसरा अधिक कडक २०१३ चा. एवढी उठाठेव करून आपण टोपली घालवली आणि आता तिला हँडल लावून, निळं रसायन घालून, भाड्याने परत आणली. घरगल्लीच्या जागी महामार्गाच्या कडेचा ऊस. "बघू नका" हे तेवढं तेव्हासारखंच.

त्या मुलाची जात मी विचारली नाही. सांगायला हवं असं वाटलं म्हणून लिहिते. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी हे सगळं ऐकून पहिला प्रश्न तोच विचारला होता.

असो. आता प्राण्यांकडे वळते, कारण आमची उरलेली सहल प्राण्यांनी तारली.

संडास बांधून ठेवल्यावर पुढचे पाच दिवस काढायचे कसे? कोल्हापूरच्या आधीच एका प्रसिद्ध देवस्थानात मी पाऊण तास रांगेत उभी राहून जे पाहिलं होतं ते इथे लिहीत नाही. एका किल्ल्यावर स्वच्छतागृह होतं, देखणं, दगडी, आणि त्याला कुलूप होतं. कुलपाची किल्ली जेवायला गेली होती. मग ह्यांना आठवलं की जाताना पुण्याला कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात आपण किती निवांत होतो. बसायला सावली, प्यायला पाणी, बॅटरीवरची गाडी, आणि जिथे हवं तिथे स्वच्छतागृह, बायकांचं वेगळं. हे म्हणाले, पुढे कुठे कुठे वाघ आहेत ते बघ. तेव्हापासून आमचा नकाशा बदलला. बेळगावच्या अलीकडे भूतरामनहट्टीचं प्राणिसंग्रहालय, तिथे दोन तास. म्हैसूरला राजवाडा अर्ध्या दिवसात आटोपला आणि चामराजेंद्र प्राणिसंग्रहालयात लागोपाठ दोन दिवस गेलो. १८९२ सालचं आहे ते, झाडं मोठी, चालायचं अंतर पुष्कळ, पण वाटेत बसत बसत होतं. दुसऱ्या दिवशी तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस ओळखीचं हसला. त्याला वाटलं असणार, म्हातारा-म्हातारीला जिराफ फार आवडला. (जिराफ छानच होता.)

घरी आल्यावर मी शोधलं, असं का? नशीब म्हणून का? तर नाही, कायदा म्हणून. १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. त्याची मान्यता असल्याशिवाय देशात कुणालाही प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. मान्यतेचे सध्याचे नियम २००९ चे. त्यांत वाघाला किती जागा, पाणी कसं, डॉक्टर कोण, हे तर आहेच, पण बघायला येणाऱ्या माणसांसाठी सोयीच्या जागी संडास, सावलीचे निवारे आणि पिण्याचं पाणी असलंच पाहिजे, आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही प्राणी बघता आले पाहिजेत, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. तपासणी होते, आणि मान्यता काढूनही घेतात. म्हणजे आपल्या देशात वाघ बघायला आलेल्या माणसाला संडासाचा हक्क आहे. देव बघायला आलेल्याला, किल्ला बघायला आलेल्याला आणि नुसतं रस्त्याने जाणाऱ्याला तो अशा काटेकोर रीतीने कुणी लिहून दिलेला नाही. माझी आई राणीच्या बागेतून कोरड्या घशाने परत यायची, तिला हा नियम मिळाला असता तर काय काय बघितलं असतं तिने!

याच राणीच्या बागेचं उदाहरण मला आणखी एका गोष्टीसाठी द्यायचं आहे. "सार्वजनिक ठिकाणी स्वच्छता राहत नाही, कारण आपले लोकच घाणेरडे", हा एक मुद्दा भाची नेहमी काढते. आपले लोक म्हणजे कोण? २०१६ साली दक्षिण कोरियाहून पेंग्विन आणले, त्यांच्यासाठी थंडगार दालन बांधलं, २०१७ मध्ये ते लोकांना खुलं झालं आणि त्याच वर्षी मोठ्यांचं तिकीट पाच रुपयांवरून पन्नास झालं. तेव्हा मीही चरफडले होते. पण सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन बघा. लालबाग, परळ, भायखळा, कुर्ला, धारावी, तीच माणसं, तीच पोरं, तेच वेफर्सचे पुडे. आणि तीच माणसं तिथे रांगेत उभी राहतात, कारण तिथे झाडणारा पगारी माणूस आहे, पाणी आहे, दिवा आहे आणि तपासायला येणारा कुणीतरी आहे. माणूस तोच, भायखळ्याच्या फाटकातून आत गेला की सुधारतो आणि बाहेर आला की बिघडतो, हे मला कुणी समजावून द्यावं.

आणि आपल्याला जमत नाही हेही खोटं. ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात. महापालिका शिवाजी पार्कला तंबू घालते, पाण्याचे टँकर लावते, डॉक्टर बसवते आणि फिरत्या संडासांच्या रांगा उभ्या करते. तेही चाकांवरचेच! विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर तेच. म्हणजे गाड्या आहेत, माणसं आहेत, मैला कुठे न्यायचा ते ठाऊक आहे. फक्त सात डिसेंबरला सगळं उचलून नेतात. बाई मात्र सात डिसेंबरलाही प्रवास करते.

"पण काकू, ज्याला परवडतं त्याने स्वतःची सोय केली तर तुमचं काय बिघडलं?" हा शेवटचा आणि सगळ्यांत शहाजोग प्रश्न. माझं बिघडलं ते सांगते. आमच्या शाळेत मी लागले तेव्हा पाचवीच्या चार तुकड्या होत्या. मग ज्यांना परवडत होतं त्यांनी मुलं इंग्रजी माध्यमात घातली. डॉक्टरांची, वकिलांची, बँकवाल्यांची गेली, शेवटी आम्हा शिक्षकांचीही गेली. कुणी वाईट नव्हतं, प्रत्येकाने आपापली सोय केली. पण पूर्वी छप्पर गळलं की पालकसभेत जे चार जण टेबलावर हात आपटायचे ते हेच चार जण होते. ते गेल्यावर छप्पर गळतच राहिलं आणि सभेत घरकाम करणाऱ्या आया गप्प बसून राहिल्या. मी निवृत्त झाले तेव्हा एक तुकडी होती. जो आवाज करू शकतो तो बाहेर पडला की आत राहिलेल्यांचं कुणी ऐकत नाही. पाण्याचं तसंच झालं, इनव्हर्टर आल्यावर विजेचं झालं, आता संडासाचं होणार. ज्यांचं आमदार ऐकतात ते आपापली पेटी घेऊन फिरणार, आणि एसटीतल्या बाईने पाणी पिऊ नये.

आवाज करणारे आहेत, नाही असं नाही. २०११ मध्ये मुंबईत बायकांच्या संघटनांनी "राइट टू पी" ही मोहीम सुरू केली. नाव ऐकून तेव्हा लोक खुसखुसले. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हा न्याय कुठला, एवढा साधा प्रश्न होता त्यांचा. पुण्याच्या "मिळून साऱ्याजणी" मासिकाच्या मंडळींनी न्यायालयात याचिका केली आणि मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये राज्यातल्या महापालिकांना बायकांसाठी स्वच्छतागृहांची नीट व्यवस्था करायला सांगितलं. या बायका जिद्दीने लढल्या. त्यांच्या मागे आमच्या नात्यातला किती जणांचा आवाज होता? मोटरहोमच्या फोटोला जेवढे अंगठे मिळाले त्याच्या एक दशांश तरी?

गाडगेबाबांचं नाव आपण घेतो. त्या माणसाने पंढरपुरात, नाशकात, ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या, स्वतः मात्र त्यात राहिला नाही. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही टाटा हॉस्पिटलचे पेशंट आणि त्यांची माणसं उतरतात, मी जाता येता पाहते. वाटसरूची सोय ही ज्याची त्याने करायची गोष्ट नव्हे, हे या मुलखात आम्हाला इंग्रजी पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

माझं मागणं फार नाही. प्राणिसंग्रहालयांचा तो नियम उचला आणि महामार्गाला लावा. टोल घेता, तर टोलच्या बदल्यात दर तीस-चाळीस किलोमीटरला पाणी, दिवा, बायकांचं वेगळं दार आणि पगारी माणूस. तपासणी करा, नसेल तर टोल बंद. देवस्थानांना आणि किल्ल्यांना तोच नियम. आणि मोटरहोमला परवाना द्यायचाच असेल, खुशाल द्या, पण पेटी कुठे रिकामी होणार त्या जागांची यादी परवान्याला जोडलेली हवी, आणि ते काम यंत्राने, पाइपने व्हायला हवं. तोवर भाचरांनी मला त्या गाडीत पुन्हा बसायला सांगू नये. त्या मुलाचा फोन नंबर माझ्याकडे आहे. त्याने ती नोकरी सोडली, आता सोलापूरकडे एका दुकानात आहे.

मार्चमध्ये आम्ही एसटीने गणपतीपुळ्याला जातो आहोत. पंचाहत्तरच्या पुढच्यांना २०२२ पासून एसटी मोफत झाली, त्यामुळे ह्यांचं तिकीट शून्य, आणि बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट, म्हणून माझं अर्धं. वाटेतल्या स्टँडांवर काय आहे ते ह्यांनी आत्तापासून फोन करकरून विचारायला सुरुवात केली आहे. म्हैसूरच्या वाटेचीही ह्यांनी वही केली होती. जाऊन-येऊन दोन हजारांवर किलोमीटर, निःशंकपणे जाता येईल अशा जागा अकरा, त्यांतली तीन प्राणिसंग्रहालयं. प्रत्येकापुढे पाणी आहे का, कडी लागते का, पायऱ्या किती, हे लिहिलं आहे. कुणाला हवी असेल तर कळवा, झेरॉक्स काढून पाठवते.